हवा गेली आणि ब्रेक लागला

३ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितेय, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तुम्ही पाकीट बघूनच ओळखलं असेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत हे बसलेले असतात. आठवडा झाला, घरीच आहेत. कामावरून तात्पुरतं उतरवलंय. चौकशी चालू आहे.

घाबरू नका, कोणाला काही लागलेलं नाही. हे चालवत होते ती भरलेली मालगाडी चढ चढत असताना मधेच तुटली. पुढचा तुकडा इंजिनासकट पुढे जाऊन थांबला, मागचा जागच्या जागी. तो उतारावरून मागे घसरला असता तर खालच्या स्टेशनात काय झालं असतं याचा मी विचारच करत नाही. घसरला नाही, हे महत्त्वाचं.

आता साहेबांचा प्रश्न एकच आहे: गाडी आधी तुटली, की ब्रेक आधी लागला? आधी तुटली असेल तर दोष डब्यांच्या सांध्याचा. पण यांनी चढावर कचकन ब्रेक मारला आणि त्या हिसक्याने सांधा तुटला असं ठरलं, तर नोकरी गेली.

हे म्हणतात, गाडी तुटली, डब्यांखालून जाणारी हवेची नळी तुटली, हवा गेली आणि म्हणून ब्रेक आपोआप लागले; मी ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. पण इंजिनात बघितलं तर ब्रेकचा दांडा पूर्ण ब्रेकच्या खाचेत! मग यांनी दुसरा जबाब दिला, की हात लावला, पण नंतर. एकाच दिवशी दोन जबाब. तुम्हीच सांगा, कोण विश्वास ठेवेल?

आणि बाबा, माझं घोडं तर आणखी अलीकडेच अडलंय. हवेचा ब्रेक असेल तर हवा गेल्यावर ब्रेकही जायला हवा ना? हवा गेली म्हणून लागतो कसा? यांना विचारलं तर म्हणाले, "लागतो," आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तुम्ही जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून बसलात. तुम्हाला नाही तर कोणाला विचारू? फक्त उत्तर घरी पाठवू नका, माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मालक दुसऱ्यांची पत्रं वाचत नाहीत. त्यांना स्वतःचा चष्माच सापडत नाही.

तुमची,
धाकटी


८ फेब्रुवारी

चि. धाकटे,

आशीर्वाद आहेतच, आधी कामाचं बोलतो.

तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. इतका बरोबर आहे की वाचून माझा चहा गार झाला. आता नीट ऐक. आमच्या शाखा लाइनच्या गाड्यांनाही डब्यांखालून अशीच नळी होती. इंजिन त्या नळीतली हवा ओढून काढायचं. नळी रिकामी असेपर्यंत ब्रेक सुटलेले. कुठे नळी फाटली, गाडी तुटली, की बाहेरची हवा भस्सकन आत शिरायची आणि सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लागायचे. कोणाला काही करावं लागायचं नाही. काही बिघडलं की गाडी आपली आपण थांबणार, अशीच ती रचना.

पण हवा आत शिरायची, धाकटे. आत! भरलेल्या नळीतून हवा बाहेर गेली आणि त्यामुळे ब्रेक लागला, हे म्हणजे दिवा मालवला म्हणून खोलीत उजेड पडला, असं झालं. माझ्या सगळ्या नोकरीत असलं काही मी ऐकलं नाही.

जावईबापू शहाणे आहेत, मेहनती आहेत, मला कधी उलटून बोललेले नाहीत. पण माणूस घाबरला की काहीतरी जुळवून सांगतो आणि जुळवताना घाईत एखादी गोष्ट उलटी घालतो. त्यांना शांतपणे एवढंच विचार: हवा आत आली की बाहेर गेली? "आत" म्हणाले तर काळजी नको, "बाहेर" म्हणाले तर मला ताबडतोब कळव.

तुझे,
बाबा

ता. क. मी आई लिहितेय. तुझ्या बाबांनी हे पत्र लिहिताना मला टेबलावर चार वाट्या आणि पाण्याची नळी मांडून ब्रेक समजावला. मला काही कळलं नाही आणि टेबलक्लॉथ भिजला. तू नीट जेवतेस ना?


१३ फेब्रुवारी

ती. बाबा,

विचारलं. "बाहेर" म्हणाले.

मी म्हटलं, नीट आठवून सांगा, आत तर नाही ना आली? तर म्हणाले, "आत कशी येईल? भरलेल्या नळीत आत काय येणार?" मी म्हटलं, पण मग ब्रेक कसा लागला? त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला हे प्रश्न कोण शिकवतंय?" मी म्हटलं, कोणी नाही, माझं मलाच सुचतंय. पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याने माझ्याकडे साहेबाकडे बघावं तसं बघितलं.

बाबा, खरं सांगू? मला भीती वाटतेय. नोकरीची वाटतेच, पण तिच्याहून जास्त या गोष्टीची, की हे खोटं बोलतायत आणि तेही माझ्याशी. काल दुपारी दुकानातून लवकर आले तर हे स्वयंपाकघरात उभे, ओट्याच्या कडेवर हात ठेवून, कढईचा कान धरल्यासारखी मूठ मागेपुढे करत होते. मला बघून हात खिशात घातला. कशाची तालीम करत होते? जे झालं त्याची, की जे सांगायचं आहे त्याची?

जेवताना अचानक म्हणाले, "माझा हात आधीच दांड्यावर असेल तर?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, "काही नाही. वाढ."

माझं डोकं भणभणून गेलंय. आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त करणारे फिटरकाका राहतात. ते सध्या गावाला गेलेत, आले की त्यांना विचारते. तोवर तुम्ही काही करू नका. कोणाला काही बोलूही नका.

धाकटी


१७ फेब्रुवारी

चि. धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी उठून मी चौकशीच्या साहेबांना पत्र लिहिलं. ते कालच टाकलं, तेव्हा आता माझ्याशी वाद घालू नकोस.

त्यात मी वेडंवाकडं काही लिहिलेलं नाही. एवढंच, की मी या चालकाचा सासरा, निवृत्त मालगाडी गार्ड, आणि हवा निघून गेल्याने ब्रेक लागला हे माझ्या अनुभवाप्रमाणे अशक्य आहे; सबब चौकशी नीट व्हावी.

तू म्हणशील, बाबा, तुम्ही आपल्याच माणसाचा गळा कापलात. मला ते कळतं. पण गाडीच्या बाबतीत मी कधी नात्याकडे बघितलं नाही आणि म्हातारपणी सुरुवात करणार नाही. आज जावई म्हणून गप्प बसलो आणि उद्या असंच कोणीतरी चढावर ब्रेक मारून गाडी तोडली आणि मागचा तुकडा घसरला, तर? मला ते सहन होणार नाही.

जावईबापू वाईट नाहीत. चूक झाली तर ती सांगावी, शिक्षा घ्यावी, पुन्हा उभं राहावं. मी स्वतः त्यांच्या पाठीशी उभा राहीन. तू चार दिवस इकडे ये. आई वाट बघते.

बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुमच्या उत्तराची वाट न बघताच लिहितेय, कारण मला नाचावंसं वाटतंय! फिटरकाका आले.

मी त्यांना थेट विचारलं, हवा गेली तर ब्रेक कसा लागतो? ते म्हणाले, "वहिनी, हवा नळीतून गेली. डब्यातून कुठे गेली?" मग त्यांनी चहाच्या टपरीवर बसावं तसं जिन्यात बसून सांगितलं. प्रत्येक डब्याखाली हवेची एकेक स्वतःची टाकी असते. इंजिन नळीत हवा दाबून भरतं. त्या नळीतूनच टाक्याही भरतात. नळी भरलेली असेपर्यंत टाकीतली हवा कोंडलेली राहते आणि ब्रेक सुटलेले असतात. नळीतला दाब पडला, की प्रत्येक डब्यातली एक झडप फिरते आणि त्या डब्याच्या टाकीतली हवा ब्रेकमध्ये शिरते. शिरते, बाबा! म्हणजे तुमचंही बरोबर आणि यांचंही बरोबर. नळीतून हवा बाहेर, ब्रेकमध्ये हवा आत.

फिटरकाका म्हणाले, मास्तर वर्गात असेपर्यंत मुलं गप्प, मास्तर बाहेर गेले की प्रत्येक बाकावर दंगा. नळीतला दाब म्हणजे मास्तर. मास्तर मुद्दाम हळूच बाहेर पडले काय, किंवा चक्कर येऊन पडले काय, दंगा होणारच. म्हणजे चालकाने मुद्दाम हवा सोडली तरी ब्रेक, आणि नळी तुटून गेली तरी ब्रेक. तुमच्या वेळची गाडी हवा ओढून घेणारी होती, ही भरणारी. मी म्हटलं, माझ्या बाबांना हे माहीत कसं नाही? तर म्हणाले, शाखा लाइनवर त्यांच्या वेळी हे आलंच नव्हतं, त्यात त्यांचा काय दोष?

आणि दांड्याचं. इंजिनातली हवेच्या दाबाची सुई पडताना दिसली की चालकाने दांडा पूर्ण ब्रेकच्या खाचेत टाकायचाच असतो, असं शिकवलेलं असतं. नाहीतर इंजिन तुटक्या नळीत हवा भरतच बसेल. म्हणजे तो तिथे सापडला यात काही विशेष नाही.

मग मी विचारलं, आधी काय झालं ते कसं कळणार? काका हसले. म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा, चालकाने पुढून ब्रेक लावला की त्यांच्या डब्यातला चहा कुठे सांडायचा?" पुढे ना, बाबा? मला लहानपणी तुम्हीच सांगितलंय. पुढून ब्रेक लागला की मागचे डबे पुढच्यांवर येऊन दबतात. दबलेला सांधा तुटत नाही, ताणलेला तुटतो. यांच्या गाडीच्या दोन तुकड्यांत तर चांगलं लांब अंतर पडलं होतं, म्हणजे इंजिन ओढत असतानाच ती तुटली. साहेबांनी ते त्याच दिवशी मोजून ठेवलंय, त्यांना हे सगळं ठाऊक आहे. काकांनी कचेरीत ऐकलं, की दोन जबाबांबद्दल थोडं बोलून चौकशी या आठवड्यात बंदच होणार आहे.

बाबा, मी किती मूर्ख! मी यांच्यावर संशय घेतला. आज घरी गेल्यावर चांगलं काहीतरी करते. तुम्ही कोणाला काही लिहिलं नाहीत ना? लिहू नका.

तुमची आनंदी,
धाकटी


२३ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र मला एकोणीसला मिळालं. माझं तुम्हाला मिळालं असेलच.

काल यांना पुन्हा कचेरीत बोलावलं. चौकशी बंद करायचा कागद तयार होता म्हणे. साहेब म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांचं लेखी पत्र आलंय. नातेवाइकाने तक्रार केली की आम्हाला बाजूला ठेवता येत नाही." सगळ्यांसमोर. दोन जबाब, त्यात हे. आता पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "बाबांना कसं कळलं?" मी खरं सांगितलं. सगळं. पत्रांचं, दुकानाच्या पत्त्याचं, वाट्यांचं, "आत की बाहेर" तुम्हीच शिकवलं होतंत त्याचं. मला वाटलं चिडतील, ओरडतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तू मला खोटा समजलीस, साहेब नाही समजले." मग कपडे घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेले.

मी त्यांना सांगितलं की मला आता सगळं समजलंय, टाकी, झडप, मास्तर, सगळं. ते म्हणाले, "ब्रेक समजला. चांगलं झालं."

मी तुमच्यावर रागावलेय, बाबा. पण तुमच्यावर रागावून झाल्यावर उरलेला राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही, कारण तो माझ्यावर आहे. तुम्ही मला विचारल्याशिवाय पत्र टाकलंत. मी यांना विचारल्याशिवाय तुम्हाला लिहिलं. मी तिकडे येणार नाही.

धाकटी


२६ फेब्रुवारी

चि. धाकटी,

आई लिहितेय. बाबा गेले.

तसे गेले नाहीत! वाचून घाबरशील म्हणून आधीच सांगते, पण शब्द लिहून झाला, आता खोडत नाही. तुमच्या गावी गेलेत. तुझी दोन्ही पत्रं एकामागून एक आली. पहिलं वाचून ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. दुसरं घडी करून खिशात घातलं. काल पहाटे बघते तर इस्त्री केलेला कोट, जुनी टोपी, आणि डबा करून दे म्हणाले. मी विचारलं, कुठे? "चूक सुधारायला." मी म्हटलं, फोन करा. म्हणाले, "लिहून केली, जाऊन सुधारायला हवी."

तुझ्याकडे येणार नाहीत म्हणाले, तोंड दाखवायला जागा नाही म्हणे. कोणा जुन्या सोबत्याकडे उतरणार आहेत. माझ्या हातात गुडघ्याचं औषध राहिलं. दिसले तर तिथेच नवीन घ्यायला सांग, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आई


४ मार्च

चि. धाकटे,

मी घरी परत पोचलो. तुझ्या गावात असून तुझ्या दारात आलो नाही, याबद्दल आई मला दिवसातून दोनदा बोलते. तू मात्र बोलू नकोस, एकीचंच पुरेसं होतं.

साहेब वयाने माझ्या मुलासारखे. मला वाटलं झापतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, तेव्हाच मला जास्त लाज वाटली. म्हणाले, "गार्डसाहेब, तुमच्या ब्रेकबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. फक्त ती गाडी तुमची नव्हती." मग मला दुरुस्तीच्या यार्डात घेऊन गेले. इंजिनाला दोन डबे जोडून उभे होते, ब्रेक सुटलेले. शेवटच्या डब्याच्या नळीला एक नळ असतो, तो मला उघडायला सांगितला.

धाकटे, काय सांगू! माझी टोपी उडाली. हवा माझ्या तोंडावर येत होती, बाहेर येत होती, माझ्या स्वतःच्या तोंडावर, आणि मी वाकून बघितलं तर डब्याची चाकं ब्रेकने घट्ट धरलेली. मी पुन्हा भरायला सांगितलं, पुन्हा उघडला. पुन्हा तेच. अजूनही माझ्या मनाला ते पुरतं पटत नाही. डोळ्यांनी बघितलं, फिटरने टाकी दाखवली, झडप दाखवली, सगळं कळलं, आणि तरी आत कोणीतरी म्हणतंच आहे की हवा आत यायला हवी होती. सवय फार वाईट.

आणि चहा पुढेच सांडायचा. हे तर मला माहीत होतं. तुकड्यांमधलं अंतर किती, हे मी तुला पहिल्याच पत्रात विचारलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी हवेला धरून बसलो.

मी लिहून दिलं: "हा ब्रेक मला माहीत नव्हता. जे माहीत नव्हतं त्यावर मी लिहिलं. माझं आधीचं पत्र रद्द समजावं." खाली सही केली.

आता मुख्य गोष्ट. जावईबापू तिथे आले होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो, ते येऊन शेजारी बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच शेडमधला हवा भरायचा पंप सुरू झाला. कानठळ्या बसतील असा आवाज. मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही. मग ते बोलायला लागले. खाली मान घालून, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत, किती तरी वेळ. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. थांबवून "काय म्हणालात?" असं विचारायचं माझ्याने झालं नाही. कोणत्या तोंडाने विचारू? मी मान हलवत राहिलो. शेवटी ते थांबले, तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते उठून गेले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असतील तर मान हलवली ते ठीकच झालं. पण तसं वाटलं नाही. काय म्हणाले असतील? तुला काही बोलले का? मला चैन नाही.

बाबा


१२ मार्च

ती. बाबा,

चौकशी संपली. दोष सांध्याचा. दोन जबाब दिल्याबद्दल यांना लेखी ताकीद मिळाली, ती यांनी सही करून घेतली. सोमवारपासून कामावर.

तुम्ही विचारलंत म्हणून काल संध्याकाळी विचारलं, यार्डात बाबांशी काय बोललात? मला वाटलं, "काही नाही" म्हणतील. पण ते खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "तुला सांगता आलं नाही ते."

मग सांगितलं. त्यांना आठवतच नाही, बाबा. सुई आधी पडली की हात आधी गेला, हे त्यांना आजही माहीत नाही. "अंतर सांगतं की गाडी आधी तुटली," म्हणाले, "साहेब सांगतात, फिटर सांगतो. मी मान्य केलं. पण माझ्या डोक्यात ते सगळं एकदमच आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं हात लावलाच नाही. मग दांडा बघितला, तर वाटलं लावलाच असणार. मी ओट्यापाशी उभा राहून किती वेळा करून बघितलं. कळत नाही. हे कोणाला सांगणार? साहेबांना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तुला सांगितलं असतं तर त्याचं पत्र झालं असतं."

खरंच होतं ते.

मग म्हणाले, "बाबांना मात्र सांगितलं. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं, शेवटी पाठीवर हात ठेवला. इतकं बरं वाटलं! जन्मभर गाडीवर काढलेल्या माणसाला असं होऊ शकतं हे कळतं बघ." आणि बाबा, ते रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. आज सकाळी त्यांनी आपलं अंथरूण आतल्या खोलीत आणून टाकलं.

तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. कधीच.

हे पत्र त्यांच्यासमोर बसूनच लिहितेय. आत्ता त्यांनी विचारलं, "काय लिहितेस बाबांना एवढं?" इतके दिवस मी यांचं खोटं शोधत होते, बाबा. आणि आत्ता मीच बोलले. म्हटलं, "काही नाही हो. तुम्ही बरे आहात, एवढंच."

धाकटी